शिंग्रोबाचं नाणं आणि डॉक्टरांचे प्रश्न

खोपोलीचा शिळफाटा मागे पडला की जुना मुंबई-पुणे रस्ता बोरघाट चढायला लागतो. घाटात शिंग्रोबाचं छोटं देऊळ आहे. इंग्रजांना डोंगरातली वाट दाखवणारा धनगर म्हणजेच हा शिंग्रोबा, असं सांगतात. त्याच्यासमोरून जाताना ट्रकवाले, टेम्पोवाले खिडकीतून नाणं टाकतात, निदान हॉर्न वाजवून कपाळाला हात तरी लावतात. खाली महडला वरदविनायक, पुढे पालीला बल्लाळेश्वर. चतुर्थीला या पट्ट्यात गाड्यांची रीघ लागते. कार्तिकी एकादशीपासून साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते आणि विठोबाच्या या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार बसतो. त्यात इथल्या कोणालाच काही वावगं वाटत नाही.

आता ही सगळी गर्दी भ्रमात आहे असं म्हणायचं का? म्हणणारे आहेत. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ साली लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच देवाला भ्रम ठरवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये, सिग्मंड फ्रॉइड यांनी धर्म हा इच्छेतून उपजलेला आभास असल्याचं लिहिलं. तेव्हा त्यांनी आभास आणि भ्रम यांत फरक केला होता. आभास खोटाच असेल असं नाही, माणसाला तो हवासा असतो एवढंच. भ्रम मात्र उघड वास्तवाच्या विरोधात जातो. तीनच वर्षांनी ही रेघ त्यांनी स्वतःच पुसली आणि धर्माला सामूहिक भ्रमात जमा करून टाकलं. आपल्याकडे आगरकरांनी देवाधर्माच्या नावाखालच्या चालींवर कोरडे ओढले, पण त्यांचा रोख अज्ञानावर आणि रूढीवर होता. लोकांचे मेंदू बिघडले आहेत असं काही त्यांचं म्हणणं नव्हतं. मला आगरकरांची ही शिस्त फार मोलाची वाटते. चुकीचं मानणं वेगळं आणि आजारी असणं वेगळं. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं शहाणीसुरती माणसं हजारो वर्षं मानत होती. ती चुकत होती. त्यांना गोळ्यांची गरज नव्हती.

देव आहे की नाही हा वाद मला इथे घालायचा नाही. भ्रम ही डॉक्टरांच्या रोजच्या कामातली संज्ञा आहे. ती लावली की माणसाला औषध सुरू होतं, कधी भरती करावं लागतं, कायदा मध्ये येतो. म्हणून ती कोणाला लावायची आणि कोणाला नाही, याची एक रीत गेल्या शंभर वर्षांत घडत आली आहे. ती रीत नीट पाहिली की शिंग्रोबाला नाणं टाकणाऱ्या ड्रायव्हरचं काय करायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात कार्ल यास्पर्स या जर्मन डॉक्टरपासून करावी लागते. १९१३ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी मनोविकारांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी भ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या. माणसाला त्या गोष्टीची विलक्षण खात्री असते. कितीही पुरावा दाखवा, कितीही समजावा, ती खात्री हलत नाही. आणि ती गोष्ट मुळात अशक्य असते.

या तीन खुणा घेऊन देवळाच्या दारात उभं राहिलं तर पंचाईत होते. भक्ताची खात्री दांडगी असते. वाद घालून कोणी नास्तिक झाल्याचं क्वचितच दिसतं. आणि तिसरी खूण तर परीक्षकाच्या स्वतःच्या समजुतीवरच अवलंबून. या मापाने वारकरीही सापडेल, हजला जाणाराही सापडेल, आणि आपला नेता देश बदलून टाकणार असं मानणारा कार्यकर्ताही सुटणार नाही. यास्पर्सना हे कळत होतं. म्हणूनच त्यांचा खरा भर वेगळ्या ठिकाणी होता: अस्सल भ्रम कुठून आला ते त्या माणसाच्या आयुष्यातून, स्वभावातून, भोवतालातून उलगडत नाही. तो एकदम उगवतो.

पुढे अमेरिकी मानसोपचार संघटनेने विकारांची जी नियमावली काढली, तिच्या १९९४ च्या आवृत्तीत भ्रमाच्या व्याख्येला एक शेपूट जोडलेलं होतं. ती समजूत त्या माणसाच्या संस्कृतीतली किंवा उपसंस्कृतीतली इतर माणसं सर्रास मान्य करत असतील, उदाहरणार्थ ती धर्मश्रद्धेचा भाग असेल, तर तिला भ्रम म्हणायचं नाही. यावर टीकाकारांचा सवाल ठरलेला: एकाने मानलं तर वेड आणि कोटीभरांनी मानलं तर धर्म, हा कुठला न्याय? डॉक्टर लोक घाबरले आणि धर्माला सूट देऊन मोकळे झाले, असाही आरोप होतो.

आरोपात थोडं तथ्य आहे, पण बरंचसं निसटतं. श्रद्धा बहुतेक वेळा आजीकडून, शेजाऱ्यांकडून, शाळेच्या प्रार्थनेतून, पालखीच्या गर्दीतून येते. माणूस दुसऱ्यांकडून ऐकून शिकतो आणि ज्यांच्यात राहतो त्यांचं मानतो, ही मेंदूची धडधाकट कामगिरी आहे. याच रस्त्याने भाषा येते, चवी येतात, आणि खोट्या गोष्टीही येतात. भ्रम या रस्त्याने येत नाही. तो माणसाला त्याच्या माणसांपासून तोडत येतो. किती लोक मानतात हा आकडा म्हणजे सत्याची मतमोजणी नव्हे. ती समजूत कुठल्या वाटेने आत आली याचा तो पुरावा आहे.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. समजा, खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा आहे. मुलगा कल्पनेतला आहे, पण मानसोपचाराच्या ओपीडीत असे अनेक येतात. आई त्याला घेऊन आली आहे.

"डॉक्टरसाहेब, हा म्हणतो महडचा गणपती याच्याशी बोलतो."

डॉक्टर हसत नाहीत. देव बोलत नसतो, असंही सांगत नाहीत. मुलाकडे वळून विचारतात, "काय सांगतो रे तुला?"

इथून पुढचा अर्धा तास महत्त्वाचा. गणपती खरोखर बोलतो का, या प्रश्नाला डॉक्टर हातच लावत नाहीत. ते भोवतालची माती उकरतात. कधीपासून? दोन महिने. त्याआधी देवाधर्माचं किती होतं? गणपतीत नाचण्यापुरतं. आवाज कानाने ऐकू येतो की मनात येतो? कानाने, मागून, आणि हल्ली दोन आवाज आपापसांत बोलतात. झोप? नाही. कामावर? सोडलं, कारण साहेबाच्या शर्टाच्या रंगावरून त्याला इशारे मिळायला लागले. रस्त्यावर एमएच-०६ च्या पाट्यांवरचे आकडेही त्याच्यासाठीच लिहिलेले असतात. गणपतीने काय काम दिलंय? सगळ्या तालुक्याचं पाप त्याने एकट्याने धुवायचं, म्हणून चार दिवस जेवण बंद.

मग डॉक्टर आईला विचारतात, "मावशी, तुमच्या घरात असं कोणाला पूर्वी झालंय? तुम्हाला हे देवाचं वाटतं का?"

"आम्ही माळकरी माणसं, साहेब. माझ्या सासऱ्यांनी पंढरीच्या किती वाऱ्या केल्या त्याला मोजदाद नाही. देव असा नाही बोलत. हे काहीतरी दुसरंच आहे."

माळकरी आईचं हे एक वाक्य डॉक्टरांच्या प्रश्नावलीइतकंच वजनाचं आहे. त्या श्रद्धेत वाढलेल्या माणसाला त्या श्रद्धेचं व्याकरण ठाऊक असतं. आपला मुलगा भक्तीत शिरलाय की हातातून निसटतोय, हे घरच्यांना बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी कळलेलं असतं. त्यांना फक्त कोणीतरी विचारावं लागतं. डॉक्टर ख्रिस्ती असेल आणि रोगी कातकरी, किंवा डॉक्टर ब्राह्मण आणि रोगी मुसलमान, तर मग हा प्रश्न विचारल्याशिवाय निदान लिहूच नये. गावातल्या भगताला, मौलवींना, फादरना फोन करून 'तुमच्यात हे चालतं का' असं विचारण्यात डॉक्टरकीला काही कमीपणा येत नाही.

यानंतर शरीराची पाळी. कानशिलाजवळच्या भागातून उठणाऱ्या अपस्मारात कधी कधी दिव्य साक्षात्कारासारखे अनुभव येतात. तिथे मेंदूचा विद्युत आलेख काढावा लागतो. थायरॉइड, गांजा, दारू एकदम सोडल्यावरचा बरळ, बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे, म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गातून आलेला गोंधळ, हे सगळं तपासून बाजूला करावं लागतं. मूडही पाहतात. उन्मादात माणूस देवाचा अवतार होतो, दिवसरात्र बोलतो, पैसे उधळतो. खोल नैराश्यात तोच देव त्याला महापापी ठरवतो. दोन्हीकडे देव तोच, दोन्हीकडे आजार वेगळा आणि औषधही वेगळं.

भ्रमाचा मजकूर आजार ठरवत नाही, तो आजूबाजूचं साहित्य उचलतो, एवढं यातून दिसतं. आपल्याकडे त्यात देव येतो, कारण देव इथे सगळीकडे आहे. त्याच आजारात दुसऱ्या एखाद्याला मोबाइलचा टॉवर बोलतो, तिसऱ्याला पोलीस मागावर दिसतात. मोबाइल टॉवर हा भ्रम आहे असा निष्कर्ष कोणी काढत नाही. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस रोग्यांना कानात येणाऱ्या आवाजांबद्दल विचारलं होतं. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले आवाज पुष्कळदा हिंसक आणि परके. चेन्नईतले बरेचसे आवाज नातेवाइकांचे, आणि ते चक्क घरकाम सांगणारे.

अंगात येण्याचा प्रश्न याहून गमतीचा आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर, जत्रेत, पालखीपुढे, नवरात्रात कोणाच्या ना कोणाच्या अंगात वारं येतं. ढोल वाजतात, बाई घुमते, केस मोकळे सुटतात, लोक गाऱ्हाणं घालतात, ती उत्तर देते. अर्ध्या तासाने वारं उतरतं, बाई पाणी पिते, पदर सारखा करते आणि घरी जाऊन भाकऱ्या थापते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात अंगात येण्याला स्वतंत्र जागा आहे, आणि त्यात अटही स्पष्ट घातलेली आहे: समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीच्या चौकटीत जे घडतं ते विकारात धरायचं नाही. विकार केव्हा? नको असताना येतं, बाजारात येतं, कामावर येतं, उतरता उतरत नाही, आणि त्या बाईला त्याचा त्रास होतो तेव्हा. घुमण्याला वेळ असते, जागा असते, ऐकणारी माणसं असतात. घरात सासूच्या बोलण्याला उत्तर न देऊ शकणारी सून देवीच्या तोंडून काय काय बोलून घेते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता शिंग्रोबाच्या ड्रायव्हरकडे येऊ. तो नाणं टाकतो, आणि घाट उतरायच्या आधी ब्रेकही तपासतो. शिंग्रोबा आहे म्हणून त्याने ब्रेक-ऑइल बदलायचं सोडलेलं नसतं. 'देव राखतो' हे त्याचं एक खातं आणि 'गाडी नीट ठेवली पाहिजे' हे दुसरं. दोन्ही वह्या तो शेजारी शेजारी ठेवतो आणि एकीतली नोंद दुसरीत चढवत नाही. शिंग्रोबाने सांगितलं म्हणून उतारावर ब्रेक मारायचा नाही, असं ज्या दिवशी तो म्हणेल त्या दिवशी क्लीनरच गाडीतून उडी टाकेल. क्लीनरही शिंग्रोबाला मानणाराच असतो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोगीसुद्धा दोन खाती ठेवतात. स्किझोफ्रेनिया हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनीच हे टिपून ठेवलं होतं: स्वतःला सम्राट म्हणवणारा रोगी वॉर्डातली फरशी मुकाट्याने पुसतो. म्हणजे नुसत्या वागण्यावरून निवाडा होत नाही. अनेक खुणा एकत्र पाहाव्या लागतात, आणि त्यांतली कोणतीही एकटी पुरेशी नसते. चांगला मानसोपचारतज्ज्ञ म्हणूनच पहिल्या भेटीत सहसा शिक्का मारत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ इमॅन्युएल पीटर्स यांनी १९९९ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. एकीकडे हरे कृष्ण आणि ड्रुइड यांच्यासारख्या नव्या पंथांचे अनुयायी, दुसरीकडे भ्रम असलेले रुग्णालयातले रोगी. दोघांनाही भ्रमसदृश समजुतींची एकच यादी दिली. किती समजुतींवर त्यांनी 'हो' म्हटलं, त्या किती खऱ्या वाटतात, यांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फरक दिसला तो त्या समजुतींचा त्रास किती होतो आणि दिवसाचा किती वेळ त्याच डोक्यात घोळतात, यांत. यास्पर्सची पहिली खूण, खात्रीची, इथे निकालात निघते. पंथातल्या माणसाची खात्री रोग्याइतकीच होती. पण तो तिच्यासोबत जगत होता, आणि रोगी तिच्याखाली दबला होता.

दुसरा प्रयोग क्रूर म्हणावा असा आहे. १९५९ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथल्या सरकारी मनोरुग्णालयात मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी तीन रोग्यांना एकत्र आणलं. तिघेही स्वतःला येशू ख्रिस्त म्हणवत. दोन वर्षं ते एकत्र राहिले, जेवले, भांडले. उरलेले दोघे येशू खोटे, याचं प्रत्येकाकडे स्पष्टीकरण तयार होतं, पण आपण येशू असणं कोणी सोडलं नाही. भ्रमाचा हा एकटेपणा पाहण्यासारखा आहे. एकाच देवावर श्रद्धा असलेली तीन माणसं एकत्र आली की भजनी मंडळ होतं. या तिघांचं काही होऊ शकलं नाही.

महडचीच गोष्ट घ्या. देवळामागच्या तळ्यात मूर्ती पडली आहे असं एका भक्ताला स्वप्नात दिसलं, शोध घेतल्यावर १६९० मध्ये ती सापडली, अशी तिथली आख्यायिका. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधलं, आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवता आहे. आज तो भक्त ओपीडीत आला असता तर? स्वप्न एकदाच पडलं. त्याने ते चार जणांना सांगितलं. चौघांनी मिळून तळं धुंडाळलं. मूर्ती मिळाली नसती तर बहुधा हसून घरी गेले असते. यात आजाराची एकही खूण नाही. तुकोबांनीही स्वप्नात नामदेव आणि विठ्ठल आल्याचं, कवित्व करायला सांगितल्याचं स्वतः नोंदवलं आहे. दुष्काळात बायको आणि मूल गेलेला, व्यापार बुडालेला माणूस. निदान लिहायचं म्हटलं तर कागदावर बरंच काही लिहिता येईल. पण त्या स्वप्नानंतर त्यांची भाषा विस्कटली नाही, उलट धारदार झाली. स्वतःवर शंका घेणं त्यांनी कधी सोडलं नाही. आणि माणसं त्यांच्यापासून तुटली नाहीत, जोडली गेली. मेलेल्या संतांचं निदान करायचा नाद मला तरी पोरकट वाटतो. त्यातून ना संत कळतो ना आजार.

इतकं झाल्यावर धर्माच्या बाजूच्या मंडळींनी खूश व्हायचं कारण नाही. आजार नाही म्हणजे ठीक आहे, असं मुळीच नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागला. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे दगडाला चिकटून ओघळत होतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते दाखवलंही. रांगेतली माणसं आजारी नव्हती, फसली होती. केसांत जट झाली की देवीचं बोलावणं समजून ती वर्षानुवर्षं वाढवणाऱ्या बाया महाराष्ट्रात आहेत. मानेला ओझं, डोक्यात उवा, कापायची भीती. ही समजूत अख्ख्या वस्तीची असते, म्हणून तिला भ्रम म्हणत नाहीत, पण त्या बाईची मान दुखायची राहत नाही. जवळच्या दोघांत एकाचा भ्रम दुसऱ्याला लागतो, हे तर लासेग आणि फालरे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं. तिथे दोघांना वेगळं केलं की दुसऱ्याचा भ्रम बहुधा ओसरतो.

म्हणून समाजाला आणखी एक माप लागतं, आणि ते नुकसानीचं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अठरा वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आधी अध्यादेश म्हणून निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. तो कायदा देवाचं अस्तित्व विचारत नाही. भूत उतरवायच्या नावाने मारहाण केली का, साप-कुत्रा-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे केले का, चमत्काराच्या नावाने लुबाडलं का, एवढंच विचारतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरातली-देवळातली-दर्ग्यातली उपासना यांना तो लागू नाही, असंही त्यातच लिहिलेलं आहे. ज्यांनी तो कायदा धर्मविरोधी म्हणून वर्षानुवर्षं अडवून धरला, त्यांनी बहुधा तो वाचला नव्हता. किंवा वाचला होता, म्हणूनच अडवला.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दुसऱ्या बाजूने हेच सांगतो. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचं जुळत नाही, या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे वाडीवर एकटाच नास्तिक निघाला, घरातल्या एकाच मुलीने धर्म बदलला, तर तिला 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून डॉक्टरकडे ओढून नेता येत नाही. संस्कृतीतल्या लोकांना मान्य ते ठीक, या नियमाची उलटी बाजू अशी भयानक होऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात होतं.

खरा आजार धर्माच्या वेशात कसा लपतो, हे पाहायला शिळफाट्याहून लांब जायला नको. कर्जतजवळ श्रद्धा पुनर्वसन संस्थेचं केंद्र २००६ पासून चालू आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केलं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, उपचार करायचे, भान आल्यावर घर-गाव विचारायचं आणि तिथे पोचवायचं. त्याची सुरुवात एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहून झाली. उपचारानंतर तो शिकलेला, चांगल्या घरचा मुलगा निघाला. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत हजारो माणसं घरी पोचली होती.

महामार्गावर मळक्या कपड्यांतला, जटा वाढलेला, स्वतःशीच बोलणारा माणूस दिसला की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. काही जण दगड मारतात. काही जण 'अवलिया दिसतोय' म्हणून हात जोडतात, वडापाव देतात, त्याने फेकून मारलेला दगडही प्रसाद म्हणून घेतात. दुसरी मंडळी निश्चितच बरी. त्यांच्यामुळे तो माणूस जगतो. पण दहा वर्षं बाबा म्हणून पुजलेल्या त्या माणसाची आई बिहारमधल्या कुठल्याशा गावात वाट पाहत असू शकते, हे कोणाच्या मनात येत नाही.

औषधांनी काय होतं, हेही कळायला हवं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारख्या गोळ्यांनी काही आठवड्यांत आवाज मंदावतात, इशारे दिसायचे थांबतात. सगळ्या तालुक्याचं पाप धुवायला निघालेला आपला कल्पनेतला मुलगा मग म्हणतो, "तेव्हा काहीतरी भलतंच वाटत होतं." आणि पुढच्या चतुर्थीला आईबरोबर महडला जाऊन रांगेत उभा राहतो. गणपती आता बोलत नाही, पण मुलगा नमस्कार करतो. डॉक्टरांना हे नेहमी दिसतं: गोळीने भ्रम जातो, श्रद्धा जात नाही. दोन्ही एकच असती तर दोन्ही एकदमच गेली असती. डॉकिन्स यांच्या विधानाला माझ्या मते याहून सरळ उत्तर नाही. देव नाही हे त्यांचं म्हणणं कदाचित बरोबर असेलही. ते वेगळ्या युक्तिवादाने सिद्ध करावं, डॉक्टरांची संज्ञा उसनी घेऊन नव्हे.

देऊळ आणि दवाखाना यांत निवड करायला घरच्यांना भाग पाडलं की बहुतेक जण देऊळ निवडतात, आणि सहा महिने वाया जातात. दोन्ही चालू ठेवायला सांगितलं की गोळ्या सुरू राहतात. तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. औषध नाही, पूजेतली आणि देवळातली हलकी कामं, सोबत घरचं माणूस, सरासरी सहा आठवडे मुक्काम. लक्षणं जवळपास वीस टक्क्यांनी उतरली. तिथे साखळ्या नव्हत्या, मारहाण नव्हती. त्याच राज्यात एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधणं बंद केलं आहे. एखाद्या स्थानी नेण्याआधी घरच्यांनी तेवढं तरी पाहावं: माणूस मोकळा ठेवतात का, आणि गोळी बंद करायला सांगतात का.

घरात कोणी असं बोलायला लागलं तर वाद घालू नये, आणि हो ला हो ही करू नये. 'तुला ऐकू येतंय, मला नाही येत, पण तुझी झोप उडालीय ते मला दिसतंय' इतकं पुरतं. झोपेच्या नावाने डॉक्टरकडे जायला बहुतेक जण तयार होतात. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, अन्नपाणी सुटलं असेल, तर वाट पाहू नये. तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो.

आणि उपचार चालू असताना डॉक्टरांना आपला धर्म सांगावा, लाजू नये. उपवास कोणते करता, वारीला जाता का, रोजे धरता का, हे त्यांना कळायला हवं. रोज्यांत गोळ्यांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बसवता येतात, वारीला निघताना महिन्याच्या गोळ्या बरोबर देता येतात. लिथियम घेणाऱ्याला मात्र निर्जळी आणि अळणी असे दोन्ही उपवास जड जातात, कारण शरीरातलं पाणी किंवा मीठ घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरायला लागतात, उलट्या होतात, तोल जातो. तेव्हा निर्जळा एकादशी धरायची असेल तर ती महिनाभर आधी डॉक्टरांना सांगून ठेवावी.